पडद्यावरची रेषा किती चुकू शकते, ते पडद्यावरच दाखवा

प्रति,
दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी प्रणाली बनवणाऱ्या कंपन्या,
त्या विकत घेणाऱ्या रुग्णालयांच्या खरेदी समित्या,
आणि त्या वापरण्याचे नियम ठरवणारे शस्त्रक्रिया विभागप्रमुख यांस

सविनय नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांना भूल देणे हे माझे रोजचे काम. हे पत्र लिहायला निमित्त झाले एका परिपत्रकाचे. मी जिथे काम करते तिथे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या अवयवावर त्याच्या आतले संगणकीय चित्र चढवून दाखवणारी एआरची, नवी प्रणाली आली आणि तिच्यामागोमाग तीन सूचना आल्या. एक, यकृताच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या आतून करायची सोनोग्राफी यापुढे नेहमीची राहणार नाही. हवी असेल तर आधी लेखी कारण द्यायचे. दोन, पडद्यावरचे चित्र अवयवाशी जुळवताना कंपनीचा तंत्रज्ञ सांगेल तेव्हा भूलतज्ज्ञाने रुग्णाचा श्वास थांबवायचा. तीन, एआर वापरून होणाऱ्या शस्त्रक्रियेला ऑपरेशन थिएटरचा वेळ कमी मिळेल, कारण आत शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या कुणाच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि अशा सूचना कुठल्याही रुग्णालयात निघू शकतात. आधी आतल्या आत बोलून पाहिले. उत्तर मिळाले की हा विषय सर्जन आणि कंपनी यांच्यातला आहे, भूलतज्ज्ञाचा नाही. हे मला मान्य नाही. ज्या श्वासाबरोबर यकृत वरखाली होते तो श्वास त्या वेळी माझ्या हाती असतो. आणि झोपी जाण्याआधी रुग्ण शेवटचे बोलतो ते माझ्याशी. "त्या नव्या मशीनमध्ये आतलं सगळं दिसतं ना, डॉक्टर?" असे मला विचारले जाते. त्याला खरे उत्तर देता यावे एवढ्यासाठी तरी हा विषय माझा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी या तंत्राच्या विरोधात नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनचा हात पोटात जात नाही, त्यामुळे बोटांनी चाचपून गाठ शोधण्याची सोय राहत नाही. यकृताचा पृष्ठभाग दिसतो, त्याखालची गाठ दिसत नाही, तिला खेटून जाणारी शीर दिसत नाही, पित्तनलिकेचा फाटा कुठून निघतो तेही दिसत नाही. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि पुढच्या दहा वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, वेदना कमी झाल्या, हे खरेच. पण मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढले, हेही खरे. २००३ मध्ये अशा २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातल्या ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताच्या कौशल्यातली उणीव हे नव्हते. डोळ्यांची फसगत झाली होती. सर्जनला मुख्य पित्तनलिका ही पित्ताशयाची नलिका वाटली, आणि तसे वाटताना त्याच्या मनात शंकाही आली नाही.

म्हणून डोळ्याला मदत हवीच. माझे म्हणणे इतकेच आहे की डोळ्याला जी मदत मिळते ती स्वतः किती चुकू शकते, हे त्याच डोळ्याला त्याच क्षणी दिसले पाहिजे. आज ते दिसत नाही. उलट, फसगत टाळण्यासाठी आणलेले साधन अधिक ठाम फसगत करू शकेल अशा रीतीने ते बसवले जात आहे.

चित्र कसे तयार होते ते वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेच्या काही दिवस किंवा आठवडे आधी सीटी किंवा एमआरआय होतो. त्यावरून संगणकावर यकृताची त्रिमितीय प्रतिकृती बनवतात; गाठ एका रंगात, शिरा दुसऱ्या, पित्तनलिका तिसऱ्या. थिएटरमध्ये दुर्बिणीतून दिसणाऱ्या यकृताच्या कडांशी आणि पृष्ठभागाशी ती जुळवतात. मग दुर्बीण जिकडे वळेल तिकडे प्रतिकृतीही वळते, आणि सर्जनला यकृतावर चढवलेले आतले चित्र दिसते.

सीटीची वेळ आणि शस्त्रक्रियेची वेळ यांच्या दरम्यान काय काय बदलते ते आता पाहा. सीटीच्या वेळी माणूस जागा असतो, पाठीवर सपाट झोपलेला, श्वास रोखून धरलेला. थिएटरमध्ये मी त्याला स्नायू सैल करणारे औषध दिलेले असते, त्याचा श्वास व्हेंटिलेटर चालवत असतो, टेबल डोक्याकडून वर उचलून एका कुशीला कललेले असते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवलेला असतो. पोटाची भिंत वर उचलली जाते, श्वासपटल छातीकडे ढकलले जाते, यकृत दबते. त्यानंतर सर्जन यकृताला जागेवर धरून ठेवणारे बंध कापतो. यकृत सैल होते, वळते. आणि शेवटी तो यकृतच कापू लागतो. प्रतिकृती ज्या आकाराची बनवली होती तो आकार तेव्हा उरलेला नसतो.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डोक्यावर घालायच्या एआर साधनाने मणक्यात स्क्रू बसवण्यात आले. ते यश खरे आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण मणका हाड आहे. सीटीत त्याचा जो आकार दिसतो तोच आकार टेबलावरही असतो. यकृताचे, मूत्रपिंडाचे, गर्भाशयाचे तसे नाही. एआरने अचूकता येते, असे सरसकट सांगणारा माणूस हाडाबद्दल बोलतो आहे की मऊ अवयवाबद्दल, हे प्रत्येक खरेदी समितीने पहिल्याच बैठकीत विचारायला हवे.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याबद्दल आहे.

जुळवणी झाली की प्रणाली एक आकडा दाखवते. समजा, २ मिलिमीटर. थिएटरमधला प्रत्येक जण तो "चित्र दोन मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे" असा वाचतो. त्याचा अर्थ तसा नसतो. ज्या खुणा किंवा बिंदू वापरून जुळवणी केली, त्या बिंदूंवर जुळवणीनंतर जी तफावत उरली ती हा आकडा सांगतो. सर्जनला खुणांशी काही करायचे नसते, त्याला गाठ काढायची असते, आणि गाठ खुणांपासून दूर, खोल असते. तिथली चूक वेगळी, बहुधा जास्त. संशोधक मायकेल फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की खुणांवरची चूक आणि लक्ष्यावरची चूक यांच्यात सहसंबंध नसतो, आणि हे आकार न बदलणाऱ्या वस्तूबद्दल. यकृत तर मिनिटागणिक आकार बदलते. म्हणजे समोरच्या रुग्णात कोपऱ्यातला आकडा लहान आला, म्हणून गाठीभोवतीची रेषा बरोबर आहे असे म्हणता येत नाही. प्रणाली बनवणाऱ्या अभियंत्यांच्या क्षेत्रात हे नवे ज्ञान नाही. तरीही थिएटरपर्यंत पोहोचतो तो हाच आकडा, कुठल्याही खुलाशाशिवाय.

दुर्बीणही चुकीत भर घालते. तिचा माग ठेवणारी खूण शरीराबाहेर, मुठीजवळ असते आणि टोक सुमारे ३० सेंटीमीटर पुढे. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली तर टोकाशी ती ५ मिलिमीटरच्या पुढे जाते. चुंबकीय क्षेत्राने माग काढायचा म्हटले तर आजूबाजूची धातूची उपकरणे ते क्षेत्र बिघडवतात. यकृतावरच्या प्रसिद्ध अभ्यासांत काही मिलिमीटरपासून सेंटीमीटरच्या आसपासपर्यंत चूक नोंदलेली आढळते. निरोगी माणसाची मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटर रुंद असते, पित्ताशयाची नलिका त्याहून बारीक. चूक अख्ख्या नलिकेच्या रुंदीइतकी असू शकते, आणि पडद्यावर मात्र ती नलिका धारदार कडांनी, ठळक हिरव्या रंगात काढलेली असते. धारदार कड पाहिली की माणूस विश्वास ठेवतो. मी स्वतः त्या पडद्याकडे पाहताना तो विश्वास माझ्या मनात उमटताना अनुभवला आहे.

दुसरी तक्रार श्वासाची, आणि इथे मी अधिकाराने बोलते.

श्वासाबरोबर यकृत एक-दोन सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त वरखाली होते. म्हणून जुळवणीच्या वेळी श्वास थांबवा, असे तंत्रज्ञ म्हणतो. त्याची अडचण मला समजते. पण थांबलेल्या श्वासावर जुळवलेले चित्र श्वास पुन्हा सुरू झाल्यावर काय करते? यकृताची हालचाल ओळखून चित्र हलवणारी सोय प्रणालीत नसेल, तर ते प्रत्येक श्वासात फक्त त्या एका टप्प्यापुरते जागेवर येते आणि उरलेला वेळ सरकलेले राहते. सर्जन काम करतो ते चालू श्वासात. मग चित्र हवे तेव्हा पुन्हा थांबवा, पुन्हा थांबवा, असे सुरू होते.

श्वास थोडा वेळ थांबवणे घातकच असते, असे मी म्हणत नाही. अवघड जागी टाका घेताना सर्जनने विनंती केली तर आम्ही काही क्षण थांबवतोच. पण कोणत्या रुग्णात, किती वेळ, शस्त्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर, याला उत्तरे आहेत आणि ती माझ्यासमोरच्या मॉनिटरवर असतात. श्वास थांबला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड पहिल्या मिनिटात झपाट्याने आणि नंतर दर मिनिटाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाऱ्याने चढतो, आणि पोटात भरलेला तोच वायू त्यात भर घालतो. स्थूल रुग्णाच्या फुप्फुसात प्राणवायूचा साठा मुळात कमी. पोट फुगवल्यावर तो आणखी घटतो, आणि त्याचे प्राणवायूचे प्रमाण इतरांपेक्षा फार लवकर घसरते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. यकृताच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मुख्य शिरांमधला दाब आम्ही मुद्दाम कमी ठेवतो. अशा वेळी यकृताची शीर उघडी पडली तर पोटातला वायू तिच्यात शिरून हृदयापर्यंत जाऊ शकतो. हे घडले तर त्याची पहिली चाहूल मला बहुधा श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात लागते, तो अचानक खाली येतो. श्वास थांबवला की तो आलेखच थांबतो. म्हणजे चित्र जुळवण्याच्या त्या काळात माझा एक पहारेकरी झोपलेला असतो. शीर उघडी असताना तंत्रज्ञाच्या सांगण्यावरून मी तसे करणार नाही. हा निर्णय ज्याच्यासमोर रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि वायूचे आलेख आहेत त्याचाच असला पाहिजे. परिपत्रकातले हे एक वाक्य बदलायला कुणाला कसली अडचण असावी, हे मला अजून समजलेले नाही.

तिसरी तक्रार नजरेची. दुर्बिणीतून दिसणाऱ्या यकृतावर संगणकाने गाठ रंगवली की ती यकृताच्या आत न दिसता त्याच्यापुढे तरंगताना दिसते, कारण जी वस्तू दुसरीला झाकते ती आपल्याला जवळची वाटते. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज आधीच कमी असतो. यावर पारदर्शक थर, पृष्ठभागाला जणू खिडकी पाडल्यासारखे चित्र, अंतरानुसार बदलणारे रंग असे उपाय संशोधकांनी सुचवले आहेत. ते सगळ्या प्रणालींमध्ये का नाहीत?

आणि लक्ष. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एंडोस्कोप वापरणाऱ्या डॉक्टरांना एक लक्ष्य गाठायला सांगितले. काहींना एआरची मदत होती, काहींना नव्हती. एआरवाले लक्ष्यापर्यंत अधिक अचूक पोहोचले. पण दृश्यात ठेवलेली अनपेक्षित वस्तू, जी नजरेसमोरच होती, ती त्यांच्याकडून जास्त वेळा सुटली. दोन्ही निकाल एकाच प्रयोगाचे आहेत. मला दाखवलेल्या सादरीकरणात पहिला निकाल होता, दुसरा नव्हता. थिएटरमध्ये अनपेक्षित गोष्ट म्हणजे सीटीत न दिसलेली शीर, हळूहळू साचणारे रक्त, भलत्याच जागी उगम पावलेली नलिका. त्या दिसणे हाच तर सर्जनच्या डोळ्यांचा खरा उपयोग.

चौथी तक्रार सोनोग्राफी काढून घेण्याबद्दल. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात हेन्री फ्युक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावरच्या पडद्यातून पोटातले चित्र पोटाच्याच जागी दाखवायचा प्रयोग केला. वैद्यकातल्या एआरच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. तिथे पोटावर चढवलेले चित्र सोनोग्राफीचे होते, तपासणी चालू असताना मिळणारे. आज त्याच तंत्राच्या नावाने चालू क्षणाची सोनोग्राफी बाजूला सारून काही आठवड्यांपूर्वीचा सीटी तिच्या जागी बसवला जात आहे. यकृतावर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब यकृत आत्ता कसे आहे ते सांगतो, कापतानाही सांगतो. सीटीत न दिसलेल्या छोट्या गाठी त्यात सापडतात. केमोथेरपीनंतर सीटीवर दिसेनाशा झालेल्या गाठीच्या जागी रोग कधी कधी शिल्लक असतो. प्रतिकृतीत ती गाठ असणारच नाही, कारण प्रतिकृती सीटीतूनच जन्मली. एआर आणि सोनोग्राफी एकमेकींच्या जोडीला चांगल्या आहेत. एकीचे काम दुसरीवर ढकलले की दोघींचा उपयोग कमी होतो.

ज्यांना पडद्यावर रंगच हवा आहे त्यांनी इंडोसायनिन ग्रीनकडेही पाहावे. १९५९ पासून वैद्यकीय वापरात असलेला हा रंगद्रव्याचा पदार्थ शिरेतून दिला की यकृतातून पित्तात उतरतो आणि अवरक्ताजवळच्या प्रकाशात पित्तनलिका चमकू लागते. तिथे जुळवणीचा प्रश्नच नाही. नलिका तिच्यातल्या पित्तामुळे स्वतःच चमकते, हलली तर चमकही हलते. मर्यादा तिलाही आहे, अर्धा-एक सेंटीमीटर ऊतींपलीकडचे ती दाखवत नाही. पण ती मर्यादा उघड असते. खोलवरचे दिसत नाही तेव्हा पडदा कोरा राहतो, अंदाजाने रेषा काढत नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. नवीन प्रणाली शिकण्याच्या काळात शस्त्रक्रियेला जास्त वेळ लागतो, आणि नेमका त्याच काळात वेळ कापला गेला. कंपनीचा तंत्रज्ञ थिएटरमध्ये उभा राहून चित्र हाताने सरकवून जुळवतो, पण शस्त्रक्रियेच्या नोंदीत त्याचे काम कुठेही येत नाही. शिकाऊ सर्जन पहिल्या दिवसापासून रंगवलेल्या नलिका पाहत शिकणार असतील, तर चित्र बंद पडल्यावर त्यांनी नलिका कशी ओळखायची, याची तरतूद कुठल्याच आराखड्यात मी पाहिलेली नाही. आणि संमतीपत्रात एआरबद्दल एक ओळ असते: आधुनिक संगणकीय मार्गदर्शन वापरले जाईल. त्या मार्गदर्शनात चूक असू शकते, हे रुग्णाला सांगितले जात नाही.

आता मागण्या.

कंपन्यांकडे. पडद्यावर गाठीची किंवा नलिकेची एकच धारदार कड काढू नका. त्या जागी जेवढी अनिश्चितता आहे तेवढ्या रुंदीचा पट्टा काढा, आणि अनिश्चितता मोजता येत नसेल तिथे काहीच काढू नका. खुणांवरची चूक हा आकडा सर्जनच्या पडद्यावरून हटवा, किंवा तो कशाचा आहे ते त्याच्याशेजारी स्पष्ट शब्दांत लिहा. शेवटची जुळवणी कधी झाली ते सतत दिसू द्या. टेबल कलले, पोटातला दाब बदलला, बंध कापले, यकृत कापायला सुरुवात झाली, की चित्र आपोआप फिकट व्हावे आणि पुन्हा जुळवल्याशिवाय ठळक होऊ नये. चित्र एका क्षणात घालवता यावे यासाठी सर्जनच्या पायाशी पेडल द्या. अचूकतेचे आकडे अवयवानुसार जाहीर करा: जिवंत माणसाच्या, पोट फुगवलेल्या, श्वास चालू असलेल्या अवस्थेतले. रबरी प्रतिकृतीवर मिळालेला आकडा वेगळा छापा आणि तो तसा आहे असे लिहा. प्रत्येक शस्त्रक्रियेतली जुळवणीची नोंद रुग्णालयाला मिळाली पाहिजे, फक्त तुमच्या संगणकात राहता कामा नये.

खरेदी समित्यांकडे. एआर आले म्हणून सोनोग्राफी, पित्तनलिकेचा एक्स-रे किंवा इंडोसायनिन ग्रीन यांपैकी काहीही काढून घेऊ नका. पहिल्या वर्षभर थिएटरचा वेळ कमी करू नका. नवीन शस्त्रक्रिया-तंत्र कोणत्या टप्प्यांनी वापरात आणावे याची आयडियल नावाची चौकट २००९ पासून उपलब्ध आहे: कल्पना, विकास, चाचपणी, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाहणी. तुमच्याकडे आलेली प्रणाली त्यातल्या कितव्या पायरीवर आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांच्यासमोर ठेवा. चित्र जुळले नाही, सरकले, बंद करावे लागले अशा प्रत्येक वेळेची नोंदवही ठेवा. इजा झाल्यावरच नोंद झाली तर फार उशीर झालेला असेल.

विभागप्रमुखांकडे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी २००८ पासून आहे, १९ मुद्द्यांची. एआरच्या शस्त्रक्रियेपुरती तिच्यात एक भर घाला. कापण्याआधी डोळ्यांनी स्वतंत्रपणे ओळखता येणारी एक रचना निवडावी, चित्रातली तीच रचना तिच्यावर बसते का ते पाहावे, आणि निकाल मोठ्याने सांगावा. बसत नसेल तर चित्र बंद. ते बंद करायला सांगण्याचा हक्क थिएटरमधल्या प्रत्येकाला असावा, परिचारिकेलाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली सुरक्षित दृश्याची कसोटी, म्हणजे पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना मोकळ्या करून दिसल्याशिवाय काहीही न कापण्याचा नियम, एआर असताना शिथिल होता कामा नये. रंगवलेली नलिका ही मोकळी करून पाहिलेली नलिका नसते. शिकाऊ सर्जनांनी चित्र बंद ठेवून ठरावीक शस्त्रक्रिया कराव्यात. संमतीपत्रात रुग्णाच्या भाषेत लिहावे की हे चित्र जुन्या तपासणीवरून काढलेले आहे आणि ते सरकू शकते. आणि श्वास थांबवायचा की नाही, किती वेळ, हे भूलतज्ज्ञ ठरवेल, असे परिपत्रकात दुरुस्त करावे.

हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांना आणि नातेवाइकांना: एआर आहे म्हणून शस्त्रक्रियेला घाबरू नका आणि फक्त एआर आहे म्हणून रुग्णालय निवडूही नका. आतून सोनोग्राफी करणार का, चित्र जुळले नाही तर काय करणार, असे दोन प्रश्न आपल्या सर्जनला विचारा. ज्यांनी यावर विचार केला आहे त्यांना हे प्रश्न आवडतील.

तोपर्यंत मी काय करणार आहे तेही सांगून ठेवते. रुग्णाची स्थिती पाहून, सर्जनशी बोलून, मला सुरक्षित वाटेल तेवढाच वेळ मी श्वास थांबवीन. शीर उघडी असताना चित्र जुळवण्यासाठी थांबवणार नाही. प्रत्येक थांबा, त्याचा काळ आणि तो कुणाच्या सांगण्यावरून घेतला, हे भुलीच्या नोंदपत्रात लिहीन. परिपत्रकातल्या तिन्ही सूचनांवर आणि वरच्या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे. ते उत्तर मी सहकाऱ्यांना जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे.

आपली,
एक भूलतज्ज्ञ